बाबांचं नाव कधीच छापून आलं नाही

युद्धात वृत्तसंस्थेच्या पत्रकाराचं काम कसं चालायचं आणि घरच्यांना त्यातलं काय कळायचं, असं तुम्ही विचारलंय. १९७१ साली माझे बाबा मुंबईत एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर होते. मी नऊ वर्षांचा होतो. गिरगावात चाळीत राहायचो.

३ डिसेंबरला संध्याकाळी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या हवाई तळांवर पाकिस्तानी विमानांनी हल्ले केले. ऑफिसचा शिपाई बोलवायला आला, बाबा अर्धा चहा तसाच ठेवून निघाले, ते तिसऱ्या दिवशी घरी उगवले. मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर अंधार, त्यातून ते चालत आले होते.

लोकांना वाटतं, युद्धाची बातमी म्हणजे आघाडीवरचा बातमीदार. पण त्याचा मजकूर तपासून, कापून, टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेने मजकूर पाठवणाऱ्या यंत्रावर, सोडणारी माणसं ऑफिसात असायची. बातमी सुटली की एकाच वेळी देशभरच्या वर्तमानपत्रांत पोचायची. चूकही तशीच पोचायची. मागे घ्यायची तर 'किल' असा संदेश पाठवायचा, पण तोवर कुणीतरी छापलेली असायची. छापताना नाव कुणाचंच नाही, कंसात फक्त संस्थेची तीन अक्षरं. आई ती वाचून म्हणायची, "हे ह्यांच्या हातचं असणार." आमच्या गणिताच्या रफ वह्यासुद्धा टेलिप्रिंटरच्या पाठकोऱ्या कागदांच्या, दोऱ्याने शिवलेल्या.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपल्या नौदलाची युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १९४ अधिकारी आणि नौसैनिक गेले. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा नौदलात होता. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यातच थांबल्या होत्या. "भाऊजी, काही आलंय का हो?"

"अधिकृत काही नाही, वहिनी."

आई चिडली. "कानावर आलंय तेवढं तरी सांगायचंत!"

"आणि बोटीचं नाव चुकीचं निघालं तर?"

मलाही तेव्हा बाबांचा राग आला होता. आज वाटतं, तेच बरोबर होते. काकूंचा मुलगा दुसऱ्या बोटीवर होता, युद्ध संपल्यावर त्याचं पत्र आलं.

त्या रात्री बाबा दोनदा जिना उतरून काकूंच्या दारापर्यंत गेले होते आणि कडी न वाजवताच परत वर आले होते. हे मला आईने सांगितलं, बाबा गेल्यानंतर.