सोलमध्ये वजन कमी करायला कोरियन काढा घ्यायचाय, फोनवर कन्सल्टेशन चालेल की क्लिनिकलाच जाऊ?

पहिल्यांदा तरी प्रत्यक्षच जा. तिथले पारंपरिक डॉक्टर वजनासाठी जे काढे देतात, तेउमजोविथांग वगैरे, त्यात बऱ्याचदा माह्वांग असतं म्हणजेच इफेड्रा ही वनस्पती, त्यातलं इफेड्रिन भूक मारतं हे खरं पण सोबत हार्टबीट आणि बीपीही वाढवतं, झोप उडते, तोंड कोरडं पडतं. अमेरिकेत इफेड्रावाल्या सप्लिमेंट्सवर २००४ मध्येच बंदी आली.

आता फोनवर बीपी कोण मोजणार? ते विचारतात, आपण "नॉर्मल आहे" म्हणून मोकळे होतो आणि काढ्याच्या पाऊचचा बॉक्स कुरियरने दारात हजर! समोर बसलात की नाडी बघतात, जीभ बघतात, पोट दाबून बघतात, आणि बीपी मोजा असं तुम्हीही सांगू शकता. कोविडमध्ये २०२० ला कोरियात फोनवरून तपासायला तात्पुरती परवानगी मिळाली होती, तुमचं क्लिनिक आता अशी सोय देत असेल तर ती फॉलोअपला चांगलीच आहे, तेवढ्यासाठी जरूर वापरा.

बीपी, हार्ट, थायरॉईडचा त्रास असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी सांगाच, आणि माह्वांग आहे का, दिवसाला किती ग्रॅम, हे स्पष्ट विचारा, लाजू नका. धडधड सुरू झाली तर पुढचा पाऊच न घेता लगेच त्यांना फोन करा.