शून्य लिहिलं तरी मिळणारं नाताळचं गाणं

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आमचं गाव नवापूरपासून आत, डोंगराच्या कडेला आहे. मंडळीत गाणारे पंधरा-वीस जण. एक गिटार, एक ढोलक आणि एक छोटा कीबोर्ड एवढीच वाद्यं. डिसेंबर लागला की आम्ही घरोघर कॅरोलला जातो आणि २४ तारखेच्या रात्री चर्चमध्ये गातो. पण दरसाल तीच आठ-दहा गाणी. गेल्या वर्षी नेटवरून 'फ्री' असं लिहिलेला एक ट्रॅक उतरवला, त्यावर गायलो आणि व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज बंद. कॉपीराइटची नोटीस आली. पोरं फार हिरमुसली. स्वतःच्या हिमतीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं, फुकट आणि वेगळं असं नाताळचं संगीत खरंच मिळतं का? कुठे शोधायचं?
— एक वाचक, नवापूर तालुका

उत्तर : सलाम. मिळतं, आणि भरपूर मिळतं. दिवाळी आटोपली, भुसावळला रात्री शाल लागायला लागली की माझं हेच काम सुरू होतं. जेवणं झाली की हेडफोन लावून बसते आणि रोज तीन-चार अनोळखी माणसांचं नाताळ ऐकते. त्यातलं पुष्कळसं साधारण असतं, तेही मी शेवटपर्यंत ऐकते. दोन वर्षांपूर्वी एका माणसाने घरच्या पियानोवर वाजवलेली एक जुनी चाल सापडली. तिसऱ्या कडव्याला त्याची खुर्ची करकरते आणि लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं. ते त्याने काढून टाकलेलं नाही. ती चाल मी आमच्या चर्चच्या पायपेटीवर बसवली, आणि वाजवताना त्या खुर्चीच्या जागेवर मी अजून क्षणभर थांबते.

आधी 'फ्री' या शब्दाचा गुंता सोडवू, कारण तुम्हाला फसवलं ते त्यानेच. फुकट ऐकणं, फुकट उतरवून घेणं आणि आपल्या कामात मोकळेपणी वापरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रावेरच्या कोणा मळेवाल्याने बांधावर बसवून पोटभर केळी खाऊ घातली, म्हणून घड कापून बाजारात नेता येत नाहीत. तुमचा ट्रॅक उतरवायला फुकट होता. वापरायला मोकळा होता का, हे तुम्ही पाहिलं नाही, आणि ज्याने तिथे 'फ्री' लिहिलं त्याला तरी तो हक्क होता का, देव जाणे.

दुसरं असं, की प्रत्येक गाण्याचे दोन थर असतात. एक शब्द आणि चाल, दुसरा ते वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण. 'सायलेंट नाइट' घ्या. जोसेफ मोर यांचे शब्द आणि फ्रांझ ग्रुबर यांची चाल. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेही गिटारच्या साथीवर. तुमच्याकडे गिटार आहेच. ही चाल केव्हाच सगळ्यांची झाली. पण तीच चाल परवा एखाद्या कंपनीने वाजवून घेतली असेल, तर ते मुद्रण तिच्या मालकीचं. व्हिडिओच्या साइटवरचं यंत्र आवाज जुळवून पाहतं. तुमचा आवाज बंद झाला तो बहुधा पार्श्वसंगीताच्या त्या मुद्रणामुळे. उद्या तेच गाणं स्वतःच्या गिटारवर वाजवून टाका. यूट्यूबवर तरीही दावा आला तर न घाबरता हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात.

जुनं म्हणजे किती जुनं? आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. लेखन माणूस गेल्यावर छापलं गेलं, तर साठ वर्षं छापल्यापासून मोजायची. आपल्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या ओव्या पुस्तकात आल्या १९५२ मध्ये, म्हणजे २०१२ संपलं तेव्हा त्या सर्वांसाठी मोकळ्या झाल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांची भजनं आपण उपासनेत गातोच. त्यांच्या शब्दांना तुम्ही स्वतःची नवी चाल लावा, कुणालाही विचारावं लागणार नाही. मात्र दुसऱ्या कोणी अलीकडे लावलेली चाल असेल तर ती त्याची. आणि परदेशी गाण्यांत जपून. 'जिंगल बेल्स' १८५७ चं, मोकळं आहे. 'व्हाइट ख्रिसमस' मात्र अर्विंग बर्लिन यांचं, आणि ते गेले १९८९ मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

आता शोधायचं कुठे. मी पहिल्यांदा बँडकॅम्प या संगीताच्या साइटवर जाते. तिथे कलाकार स्वतःच आपला अल्बम मांडतो आणि किंमतही स्वतःच ठरवतो. पुष्कळ जण किंमत खरेदीदारावर सोडतात. चौकटीत शून्य लिहा, की उतरवून घेण्याचा दुवा खाली दिसतो. क्वचित ईमेल मागतात. 'ख्रिसमस' या टॅगवर शोधा, आणि नुसतं तेवढ्यावर थांबू नका. ज्या वाद्याचं हवं त्याचं नावही घाला : गिटार, पेटी, बासरी, ब्रास. वर वर नावाजलेलेच येतात, आपल्याला हवी ती माणसं खूप खाली सरकत गेल्यावर भेटतात. एक चांगला अल्बम सापडला की खाली तो आणखी कोणी घेतला ते दिसतं. त्या माणसाच्या संग्रहात शिरा. माझे निम्म्याहून जास्त शोध असे, एका ऐकणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात लागलेले आहेत.

तुमच्याकडे नेट मोजूनमापून मिळत असेल, म्हणून सांगते. उतरवताना फाइल कोणत्या स्वरूपात हवी ते विचारतात. एमपी३ घ्या. फ्लॅक कानाला चांगलं, पण आकाराने काही पट मोठं. नवापूरला बाजाराला आलात की तिथे उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन जा.

आणि शून्य लिहिताना क्षणभर त्या माणसाचा विचार करा. पुढे कधी जमलं तर पैसे द्या. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड लागतं, ते गावात कोणाकडे नसेलही. मग चार ओळींचं पत्र लिहा. मी लिहिते. एका बाईंना कळवलं की तुमची चाल तापीकाठी वीस मुलांनी म्हटली. त्यांनी उलट विचारलं, तापी केवढी आहे? मी पुलावरून फोटो काढून पाठवला.

बँडकॅम्पवर एक खबरदारी घ्यायची. शून्यात मिळालं म्हणून वापरायला मोकळं झालं असं नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'सर्व हक्क राखीव' किंवा 'काही हक्क राखीव' असं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय व्हिडिओत काहीही घालायचं नाही.

वापरासाठीच हवं असेल तर फ्री म्युझिक आर्काइव्हवर जा. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्राने २००९ मध्ये ते सुरू केलं. तिथे गाण्याखाली परवाना स्पष्ट लिहिलेला असतो. केविन मॅक्लाउड या संगीतकाराच्या इन्कॉम्पिटेक या साइटवर जुन्या नाताळी चालींची वाद्यरूपं आहेत, नाव दिलं की वापरता येतात. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतही सणाचा वेगळा विभाग आहे. अमेरिकेच्या लष्करी बँडांनी वाजवलेल्या कॅरोल विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या चित्र-ध्वनींच्या साठ्यावर सापडतात. सरकारी नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेली मुद्रणं त्यांच्या कायद्याप्रमाणे तिथे मोकळी असतात. ब्रासचा भरदार आवाज हवा असेल तर ती ऐका. इंटरनेट आर्काइव्ह हा जुन्या-नव्या साहित्याचा ऑनलाइन साठा तर समुद्र आहे, पण तिथे कोणीही काहीही चढवू शकतं, तेव्हा नुसतं तिथे आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

क्रिएटिव्ह कॉमन्स हे नाव तुम्हाला जागोजागी दिसेल. आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं, हे कलाकाराने आधीच सांगून ठेवायचे हे तयार परवाने, २००२ पासून चालू आहेत. 'बाय' म्हणजे नाव द्या. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही, चॅनेलवर जाहिराती लावून पैसे घेत असाल तर हे टाळा. 'एसए' म्हणजे त्यातून जे कराल तेही याच अटीवर द्या. 'एनडी' म्हणजे बदल करायचा नाही, आणि इथेच लोक अडकतात. गाणं जसंच्या तसं व्हिडिओला जोडणं हासुद्धा या परवान्यात बदलच धरला जातो. त्यावर आपला आवाज चढवणं तर सोडाच. म्हणून 'एनडी' दिसलं की ते घरी ऐकायला ठेवा. 'सीसी झीरो' असेल तर कसलीच अट नाही, तरीही नाव द्या. व्हिडिओखाली चार गोष्टी लिहायच्या : गाण्याचं नाव, करणाऱ्याचं नाव, कुठून घेतलं आणि परवाना कोणता.

पोरांना एक सांगा. २४ च्या रात्री उपासनेत काय गाता यासाठी घाबरायचं कारण नाही. खऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हणणं किंवा मुद्रण वाजवणं याला आपल्या कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. प्रश्न येतो तो नेटवर टाकताना.

आता माझ्या मनातलं. तुमच्या भागात घराघरांत मावची बोलतात. मागे एका मुलाने फोनवर मला मावचीतलं नाताळचं गाणं ऐकवलं होतं. घराच्या ओट्यावर मुद्रित केलेलं, ढोलकाची थाप पहिल्या ओळीला थोडी मागे राहिलेली, आणि पुढे सगळ्या बायकांनी एकदम उचललेला तो सूर! माझ्या अंगावर काटा आला. ते गाणं त्या एका फोनमध्येच होतं. मी जगभरातलं इतकं नाताळ ऐकते, पण गव्हाणीचं गाणं मावचीत, अहिराणीत, पावरीत शोधावं तर हाताला फार थोडं लागतं. तुम्ही पंधरा-वीस जण आहात. यंदा एक गाणं स्वतःचं बांधा. फोन एका जागी ठेवा, गाणाऱ्यांपासून पाच-सहा फुटांवर, पंखा बंद, कोंबड्या निजल्यावर. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलक कोणाचं, सगळी नावं लिहा आणि 'बाय' परवान्यावर मोकळं सोडा. मला दुवा पाठवा. मी ऐकेन आणि लिहीन.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिलीची मुलं नाताळच्या गाण्यावर नाचणार आहेत. एका पालकांनी कॉपीराइटची शंका काढली. गाणं बदलावं का?
— एक शिक्षिका, जळगाव

उत्तर : बदलू नका, मुलांची तयारी झाली असेल. शाळेच्या कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून शिक्षक, विद्यार्थी आणि पालकच असतील तर मुद्रण वाजवायला कायद्याने सूट दिलेली आहे. शाळेच्या पानावर त्याचा रील टाकायचा असेल, तर तेवढ्यासाठी वर सांगितलेल्यापैकी मोकळी चाल घ्या.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो. माझ्याकडे १९८६ ची एक कॅसेट आहे. आमच्या चर्चच्या गायकवृंदाने नाताळच्या आधी म्हटलेली गाणी वडिलांनी टेप केली होती. कव्हरमधल्या कागदावर त्यांनी पेनने सगळ्यांची नावं लिहिली आहेत. मधेच गाडीची शिटी ऐकू येते. ही नेटवर टाकता येईल का? टेप खराब होत चालली आहे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, टेप आजच प्लेअरमधून बाहेर काढा आणि उगाच वाजवू नका. आधी प्लेअरचं हेड, म्हणजे टेपला टेकणारा भाग, स्पिरिटच्या कापसाने हलक्या हाताने पुसा आणि वाळू द्या. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकात, जोडा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात एक बाजू सलग मुद्रित करा. मधे थांबवू नका. मूळ प्रत वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात जपा आणि टाकण्यासाठी वेगळी एमपी३ काढा. खरखर कमी करायचा मोह आवरा, तिच्याबरोबर गाणाऱ्यांचे श्वासही निघून जातात.

टाकता येईल का, याचं उत्तर त्या कागदावर आहे. गाणाऱ्यांचा स्वतःच्या गायनावरचा हक्क आपल्याकडे ५० वर्षं असतो, म्हणजे या कॅसेटला तो अजून लागू आहे. नावं घ्या आणि एकेकाला फोन करा. जे गेले असतील त्यांच्या मुलांना विचारा. कोणी पुण्याला, कोणी कॅनडात असेल, पण रेल्वेची माणसं एकमेकांचा पत्ता ठेवून असतात. बहुतेक जण हो म्हणतील आणि वर ऐकायला मागतील. संमती दोन ओळींत का होईना, लिहून घ्या. मुद्रण वडिलांनी केलं, त्यामुळे त्या बाजूने तुमच्या भावंडांचीही संमती असू द्या. जी गाणी जुनी आहेत ती निर्धास्त टाका. एखादं त्या काळच्या कोणा कवीचं निघालं तर त्यांच्या घरी विचारल्याशिवाय तेवढं एक मागे ठेवा.

वडिलांच्या अक्षरातल्या त्या कागदाचा उजेडात फोटो काढा आणि गाण्यांसोबत लावा. आणि गाडीची शिटी कापू नका.