बोटीचं ग्रॉस टनेज आणि ट्रेलरचं गणित

प्रश्न : नमस्कार. आमचं उद्यमनगरात ट्रेलर, ट्रॉली बनवायचं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाईकानं देवगडला ३० फुटी जुनी केबिनची मोटरबोट घेतलीय, मूळची अमेरिकेतली. पावसाळ्यात ती कोल्हापूरला आणून इंजिन आणि फायबरचं काम करायचंय. कागदावर ग्रॉस टनेज १० आणि नेट ८ लिहिलंय. ट्रेलर दहा टनी बनवू का आठ टनी? (वाचक, उद्यमनगर)

उत्तर : दादा, चॅनेल कापायला घेतलं नसेल तर जरा थांबा, कारण हे दोन्ही आकडे वजनाचे नाहीतच. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं माप. नेट टनेज म्हणजे त्यातली इंजिन वगैरेची जागा वजा धरून उरलेली कामाची जागा. गुळाचं पोतं आणि चुरमुऱ्याचं पोतं जागा तेवढीच खातं पण उचलताना फरक कळतो की नाही, तसंच हे. जुन्या हिशोबात एक टन म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर जागा, किलोचा त्यात संबंधच नाही.

तुमच्या कागदावरचा १० कुठनं आला ते बघू. छोट्या बोटींसाठी अमेरिकेत एक सोपी पद्धत आहे. लांबी, रुंदी, खोली फुटात घ्यायची, गुणाकार करायचा, मोटरबोट असेल तर ०.६७ नं गुणून १०० नं भागायचं. खोली म्हणजे मधोमध, बाजूच्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत, खालची कील (तळाखाली लांबीभर असणारा कणा) सोडून. तुमच्या गिऱ्हाईकाची बोट ३० लांब, १० रुंद, ५ खोल धरली तर गुणाकार १५००, त्याचे ०.६७ नं १००५, भागिले १०० म्हणजे दहा. नेटसाठी इंजिन आत असलेल्या मोटरबोटीला त्याचे ०.८ घेतात, झाले आठ. यात कुठंही काटा आला का? बोट फायबरची आहे का लोखंडाची हे सुद्धा कुणी विचारलेलं नाही.

आता गंमत बघा, याच मापाची शिडाची बोट असती तर ०.६७ च्या जागी ०.५ आला असता आणि टनेज साडेसात निघालं असतं. पण शिडाच्या बोटीला उलटू नये म्हणून खाली शिशाचं नाहीतर लोखंडाचं बॅलास्ट असतं, त्यामुळं टनेज कमी आणि वजन जास्त असं सहज होऊ शकतं. म्हणून टनेजवर ॲक्सल आणि टायर ठरवायला जाऊ नका.

तुम्हाला पाहिजे तो आकडा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे बोट तरंगताना जेवढं पाणी बाजूला सारते तेवढं तिचं वजन. कंपनीच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा ड्राय वेट दिलेलं असतं, त्यात डिझेल, पाणी, बॅटऱ्या, नांगर, साखळी काही धरलेलं नसतं. टाकीत ४०० लिटर डिझेल असलं तर तेच जवळपास ३४० किलो होतंय. अशा ३० फुटी केबिन बोटी साधारण चार ते सहा टनाच्या आसपास भरतात, पण अंदाजावर ट्रेलर बनवू नका ओ. जेट्टीवर क्रेननं उचलताना क्रेनला लोड दाखवणारा मीटर असला तर तो आकडा लिहून घ्या. आणि ट्रेलर झाल्यावर ऊस तोलतो तसं करा, आधी रिकामा काट्यावर, मग बोट चढवून काट्यावर. इथं वजनकाट्याला काय तोटा नाही.

आणि खरी अडचण वजनाची नाहीच, रुंदीची आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आणि रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर चालत नाही, त्यामुळं जादा मापाच्या मालाची परवानगी आधी काढायला लागेल. फोंडा घाटातनं राधानगरीकडं येणार असाल तर एकदा वळणं स्वतः बघून या, समोरनं ट्रक आला तर कुठं थांबायचं तेपण.

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीचा अभ्यास करतोय. त्याच्या पुस्तकात टनेजचं सूत्र वेगळंच आहे, त्यात लॉग पण आहे. जागाच मोजायची तर लॉग कशाला? (वाचक, कसबा बावडा)

उत्तर : ते १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं सूत्र आहे, १८ जुलै १९८२ पासून लागू झालं. बंदिस्त जागा घनमीटरमध्ये काढायची, तिला व्ही म्हणू, आणि ०.२ अधिक ०.०२ गुणिले लॉग व्ही हा जो आकडा येईल त्यानं गुणायचं. १०० घनमीटरला २४ येतं, १००० घनमीटरला २६०. म्हणजे जहाज मोठं होईल तसा दर घनमीटरमागं आकडा थोडा चढतो. लॉग घातला तो नवे आकडे जुन्या आकड्यांपासून फार लांब जाऊ नयेत म्हणून.

जुनी पद्धत ब्रिटनच्या १८५४ च्या कायद्यातली, मूरसम यांची. तिच्यात काही जागा, जसं की उघडी जागा, मोजायचीच नाही अशा सवलती भरपूर होत्या, मग मालक डेकला मुद्दाम भोकं ठेवून ही जागा उघडी आहे म्हणायचे आणि बंदराचे पैसे वाचवायचे, वापरायचे मात्र मालासाठीच. नव्या करारानं हे बंद केलं, मला तरी हा बदल फार योग्य वाटतो. आणि आता जीटीच्या, म्हणजे ग्रॉस टनेजच्या, पुढं टन लिहायचं नाही, तो नुसता आकडा आहे, हे मुलाला परीक्षेसाठी सांगून ठेवा.

हा करार २४ मीटरच्या खालच्या बोटींना लागत नाही, त्यांना ज्या त्या देशाची पद्धत. म्हणून एकाच बोटीच्या दोन कागदांवर दोन आकडे दिसू शकतात. वरच्याच प्रश्नातल्या बोटीत बंदिस्त जागा ३० घनमीटर धरली तर या सूत्रानं ६.९ येतं, अमेरिकन पद्धतीनं दहा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

प्रश्न : टनेजवरनं बोटीत किती माणसं बसवायची ते कळतं का? रंकाळ्यात मुलांना घेऊन बोटिंगला जातो म्हणून विचारलं. (वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : नाही कळत, ताई. उघड्या बोटीत बंदिस्त जागा नसल्यातच जमा, तिथं टनेजचा काही उपयोग नाही. माणसांची संख्या ठरते ती बोट किती भार झेलते, बोटीची कड पाण्याच्या किती वर राहते आणि सगळे एका बाजूला सरकले तर ती किती कलते यावरनं. बोटीवर क्षमता लिहिलेली असते ती वाचा, प्रत्येकाला अंगात बसणारं लाइफ जॅकेट मागा, लहान मुलांना लहान मापाचंच. नसेल तर बसू नका, कितीही घाई केली तरी.