गाळ चिवडून पोट भरतं का?

ताई, नमस्कार.

तुमचं कोल्हापूरहून आलेलं पत्र वाचलं. लेक बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तलावाच्या गाळातल्या जिवाणूंचं सांडपाण्यामुळे काय होतं, यावरच पुढे काम करायचं तिने धरून ठेवलंय. तिचे बाबा म्हणतात, ‘गाळ चिवडून पोट भरतं का? डीएमएलटी कर, लॅब टाकून देतो.’ डीएमएलटी म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या कामाची पदविका.

बाबांच्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. नुसत्या बीएस्सीवर या क्षेत्रात पाणी तपासणीच्या लॅबमधली नोकरी मिळते आणि पगार यथातथाच. पण विषय किरकोळ आहे, हे काही पटत नाही.

रंकाळ्याला जिथे नाला मिळतो, तिथला गाळ काठीने ढवळून बघा. कुजक्या अंड्याचा वास येईल. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू गाळातला प्राणवायू संपवून टाकतात. मग ज्यांचं त्याच्यावाचून भागतं त्यांचं राज्य येतं. कुणी नायट्रेटवर जगतो, कुणी लोहावर, कुणी सल्फेटवर. वास येतो तो या सल्फेटवाल्यांमुळे, गाळ काळा पडतो तोही त्यांच्यामुळेच. खरी मेख पुढे आहे. लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस या उलथापालथीत सुटतो आणि पाण्यात शेवाळ माजतं. म्हणून नाला वळवला तरी तलाव लगेच निवळत नाही, गाळातली जुनी उधारी वर येतच राहते.

आता बाबांच्या लॅबकडे येते. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सापडल्याचं 2007 मध्ये छापून आलं. प्रक्रिया केलेलं पाणी हं हे! त्याच भागातल्या काझीपल्ली तलावात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं तुलनेला घेतलेल्या स्वीडनच्या तलावापेक्षा सुमारे 7000 पट निघाली. जिवाणू अशी जनुकं एकमेकांना देतात, रोग पसरवणाऱ्यांनाही. पेशंटच्या कल्चर रिपोर्टवर, म्हणजे जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीत, ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारा) असं लिहून येतं, त्याची एक मुळी अशा गाळात असू शकते.

वाट अशी. एमएस्सी करावीच लागेल. मायक्रोबायोलॉजी किंवा पर्यावरणशास्त्र, दोन्ही चालेल. शिवाजी विद्यापीठ घराजवळच आहे. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडी करताना बाबांपुढे हात पसरायला नको. नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतलं सूक्ष्मजीव संग्रह केंद्र, गोव्याची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था, या जागा डोळ्यांसमोर ठेवा. मात्र परीक्षा अवघड आहे आणि पहिल्याच फटक्यात निघेल असं धरून चालू नका. डीएमएलटी हाताशी असावी असं वाटलं, तर एमएस्सीनंतरही करता येते.

दोन गोष्टी तिला स्पष्ट सांगा. रसायनशास्त्र सुटता कामा नये. आणि हल्ली या कामात सूक्ष्मदर्शकापेक्षा जास्त वेळ कॉम्प्युटरसमोर जातो. गाळातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढतच नाहीत, त्यांचा डीएनए वाचून हिशेब मांडावा लागतो. त्यामुळे ‘आर’ किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा आतापासून शिकू दे. गणिताचा कंटाळा असेल, तर या वाटेला न गेलेलंच बरं.

फी भरण्याआधी एक करून बघा. प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नाल्याच्या तोंडाचा गाळ, दुसरीत लांबच्या काठाचा. हातमोजे घालूनच. दोन्हींत जिवाणूंना खाद्य म्हणून फाडलेलं वर्तमानपत्र, उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक, टरफलाचा चुरा मिसळा, वर तलावाचंच पाणी. झाकण सैल ठेवा, नाहीतर गॅस साठेल. बाटल्या उजेडात, पण कडक उन्हात नाही. दोन महिने तिने आठवड्याला फोटो काढून नोंद करायची, कुठे काळं, कुठे हिरवं, कुठे जांभळं, कोणत्या बाटलीत आधी. तिसऱ्या आठवड्यातच वही बंद पडली, तर बाबांचं ऐका. नाही पडली, तर ती वही घेऊन दोघी मला भेटायला या. आणि बाटल्या गॅलरीत ठेवा, स्वयंपाकघरात नको.