बर्ड फ्लूची बंदी उठली, पण दुकानाचा परवानाच रद्द झाला

प्रश्न : गावालगतच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू आढळल्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार माझे चिकनचे दुकान बंद होते. बंदी उठली, परंतु नऊ दिवसांपूर्वी अन्न परवाना रद्द केल्याचा चार ओळींचा आदेश मिळाला. त्याआधी तपासणी झाली नाही, नोटीसही आली नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्याकडे आलेले दोन आदेश दोन वेगळ्या कायद्यांखालचे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यानेच आपल्यावर अन्याय झाला आहे, असे माझे मत आहे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणासाठी 2009 साली केलेल्या कायद्याखालील बंदी त्या क्षेत्रापुरती आणि रोगाच्या काळापुरती असते. दुकानदाराचा काही दोष आहे, असे तिच्यात गृहीत धरलेले नसते. नवापुरात 2006 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून अशी बंदी आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही.

परवाना रद्द करणे ही मात्र अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 32 खालील कारवाई आहे. तिथे आधी त्रुटी नमूद करणारी सुधारणा नोटीस आणि पूर्ततेसाठी किमान 14 दिवस, पूर्तता न झाल्यास निलंबन, आणि त्यानंतरही त्रुटी राहिल्या तरच, कारणे दाखवण्याची संधी देऊन, परवाना रद्द, असा क्रम आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी लेखी कारणे नोंदवून तत्काळ निलंबन करता येते, पण ते निलंबनच. एकदम परवाना रद्द करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. आपल्या आदेशात ‘रोगप्रादुर्भावाच्या पार्श्वभूमीवर’ एवढेच कारण आहे. आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल प्रकरणात 1977 साली स्पष्ट केले आहे. आपल्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

आदेश मिळाल्यापासून 15 दिवसांत अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करावे लागते, म्हणजे आपल्या हाती सहाच दिवस उरले आहेत. आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवा, कारण मुदत त्यावरूनच मोजली जाईल. अपिलासोबत बंदी उठवल्याच्या आदेशाची प्रत आणि स्थगितीचा स्वतंत्र अर्ज जोडा. स्थगिती मिळेपर्यंत, कितीही नुकसान होत असले तरी, दुकान उघडू नका. विनापरवाना व्यवसाय हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो घडला तर आपली निर्दोष बाजू हकनाक कमकुवत होईल. आयुक्तांनी अपील फेटाळल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल.