चौकशीला कोण जाणार?

मुलं परदेशात असलेल्या कितीतरी आया समुपदेशनासाठी माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. "तिकीट आलं, व्हिसा आला, पण मॅडम, मला एकटीला जमेल का हो?" म्हणून एका काकूंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं, ओळख पुसून सांगते.

काकूंचं वय 62, राहणार पुण्यात. यजमान गेल्यानंतरचा पहिलाच मोठा प्रवास. लेक श्टुटगार्टला, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथे विमान बदलायचं. लेकीनं विमानतळाचे नकाशे, व्हिडिओ सगळं पाठवलं होतं. ते पाहून पाहून काकूंची झोपच उडाली होती.

सुरुवातीच्या भेटी 'तर'मध्येच गेल्या. गेट चुकलं तर? बॅग आली नाही तर? साहेबाचं इंग्रजी कळलं नाही तर? एकाचं उत्तर दिलं की दुसरा प्रश्न तयार. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारानं काम करते. प्रसंगापेक्षा त्याला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त घाबरवतो, असं ते सांगत. तो अर्थ हाती लागेपर्यंत माहितीचा उपयोग होत नाही. मग एका दुपारी मी उत्तरं देणं थांबवलं.

"समजा, गेट सापडत नाही. काय कराल?"

"कुणाला तरी विचारावं लागेल."

"मग विचारायचं."

काकू गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही हो. स्टेशन असो, बँक असो, चौकशीला हे जायचे. मी सामानापाशी बसायची. आता विचारायला गेले आणि कुणी म्हणालं, एवढंही कळत नाही का, तर?"

सापडलं! काकूंना भीती फ्रँकफर्टची नव्हतीच. चारचौघांत अडाणी ठरण्याची होती, आणि ती पुण्यातच घालवता येणार होती. मी त्यांना पुणे स्टेशनवर पाठवलं. काम एवढंच, की उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न अनोळखी लोकांना विचारायचा.

"वेड्यात काढतील!"

"काढू देत. सराव त्याचाच करायचाय."

पुढच्या भेटीत त्या खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागल्या. "एक जण खेकसला. बोर्ड दिसत नाही का, म्हणाला."

"मग?"

"मग काय, दुसऱ्याला विचारलं."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की त्याचं मोल त्यांना कळलंच नव्हतं. मी ते पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना हसल्या आणि मग डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या कामात अशा क्षणांनीच मला टिकवून ठेवलं आहे.

त्यानंतरची तयारी सोपी होती. लेकीचा पत्ता, फोन आणि विमान क्रमांक ठळक अक्षरांत एका कागदावर लिहून तो पासपोर्टसोबत ठेवला. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, लागणाऱ्या किमान 30,000 युरोच्या प्रवासी वैद्यकीय विम्याची प्रत जवळ. तूप आणि पेढे घरीच राहिले, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. (मेतकूट गेलं.) पासपोर्ट तपासणीला कशासाठी आलात, कुणाकडे, किती दिवस, हे विचारतात. त्याची उत्तरं आम्ही साध्या इंग्रजीत मोठ्यानं म्हणून पाहिली.

फ्रँकफर्टला खरंच गेट बदललं. काकूंनी गणवेशातल्या एका बाईंपुढे बोर्डिंग पास धरला आणि "गेट?" एवढंच विचारलं. त्यांनी बोट दाखवलं, काकू निघाल्या.

मुलामुलींना माझं सांगणं आहे, व्हिडिओ पाठवा, पण आईचा प्रत्येक फोन तुम्हीच करू नका. तिकिटाची चौकशी, बँकेतून युरो घेणं, विम्याची शंका, हे तिला स्वतः विचारू द्या. अडखळली तर थांबा, मध्ये बोलू नका. आणि हे निदान महिनाभर आधी सुरू करा. शेवटच्या आठवड्यात बॅगांची वजनं करण्यातच वेळ जातो.