गोऱ्यांचं इंग्लिश, पहिल्या सीझनआधी

अरे बाबू, कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर लागलास ना, मग ग्रामरचं टेन्शन सोड आणि कान उघडे ठेव. ब्रिटिश माणूस "यू ऑलराइट?" विचारतो तेव्हा तो फक्त हॅलो म्हणत असतो, मी पहिल्या सीझनला एकाला खरंच पाठदुखी सांगत बसलेलो, तो बिचारा चावी हातात धरून उभा. त्याने टॅक्सी 'हाफ फाइव्ह'ला सांगितली तर साडेपाच समज, पण जर्मन माणसाच्या भाषेत 'हाल्ब फ्युन्फ' म्हणजे साडेचार होतात, तेव्हा आकडा कागदावर लिहूनच दाखव. उत्तर इंग्लंडवाले 'टी' म्हणतात ते बऱ्याचदा संध्याकाळचं जेवण, नाहीतर नुसता चहा नेऊन ठेवशील. आणि ब्रेकफास्टला पोई, म्हणजे आपला गोव्याचा पाव, बघून इंग्लंडच्या मिडलँड्सचा 'कॉब' म्हणेल, मँचेस्टरचा 'बार्म', घाबरू नको, पावच मागतायत. आपलं 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, चूक नाहीये हां, ऑक्सफर्ड डिक्शनरीत आहे, पण त्यांना पटकन कळत नाही, 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हण. रूम 'क्वाइट गुड' म्हणाले तर लगेच खूश होऊ नको, अमेरिकनाने म्हटलं तर छान, ब्रिटिशाने म्हटलं तर एकदा बाथरूमचा नळ बघून ये.